उष्ण पाण्यातल्या डायव्हिंगसाठी वेटसूट: आधी माप, मग मिलिमीटर

अंदमानला किंवा लक्षद्वीपला डायव्हिंगला जायचं ठरलं की लोक मला हमखास विचारतात, "ताई, तीन मिमी घेऊ की पाच?" मी उलट विचारते, छाती किती, कंबर किती, उंची किती, आणि दिवसाला किती डाइव्ह करणार? या चार उत्तरांशिवाय जाडीच्या आकड्याला अर्थ नाही. अंगाबरोबर बसलेल्या पातळ सूटमध्ये माणूस तासभर मजेत राहतो. तोच माणूस ढगळ पाच मिमी घालून उतरला तर अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो. हे मी दर हंगामात बघते.

मी मूळची मालवणची. बाबांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. शाळेतून आलं की टेप धरायचं आणि आकडे वहीत लिहायचं काम माझ्याकडे असायचं. आता ऑक्टोबरपासून मेपर्यंत मी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्कूबा शिकवते. सकाळी समोर उभ्या राहिलेल्या माणसाला रॅकवरचा कुठला सूट बसेल, हे ठरवणं माझ्या कामाचाच भाग आहे, आणि ते मी मनापासून करते. कारण सूट चुकला की पुढचा सगळा दिवस चुकतो.

कोमट पाण्यात सूट हवाच कशाला?

29 अंशांचं पाणी हाताला कोमट लागतं. पण पाण्यात स्वस्थ राहूनही अंगातली उष्णता कमी होऊ नये असं वाटत असेल, तर ते पाणी साधारण 33 ते 35 अंशांचं असावं लागतं. समुद्र इतका गरम नसतो. त्यात पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. पहिल्या दहा मिनिटांत काही जाणवत नाही. चाळिसाव्या मिनिटाला हात छातीशी जातात. दुसऱ्या डाइव्हला ही थंडी आधीच सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी तर पाण्यात उतरल्या उतरल्या. थंडी अंगात साठत जाते, हे नवीन डायव्हरच्या लक्षात येत नाही.

गारठलेला माणूस श्वास जास्त घेतो, त्यामुळे त्याची हवा बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, आधी संपते. वर येताना अंग गार असेल तर शरीरात मुरलेला नायट्रोजनही हळू बाहेर पडतो, आणि डीकॉम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे त्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो. म्हणून "मला थंडी वाजत नाही हो" म्हणत चड्डी-बनियनवर उतरू पाहणाऱ्या मंडळींना मी नम्रपणे पण ठामपणे सूट घालायला लावते.

दुसरं कारण त्वचेचं. मालवणच्या खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात. अंदमानात पिसासारखे सुंदर दिसणारे हायड्रॉइड आणि पिवळट फायर कोरल असतात. त्यांचा नुसता स्पर्श झाला तरी चट्टे उठतात आणि आठवडाभर खाज जात नाही. जेलीफिशचे तुटलेले धागे पाण्यात तरंगत असतात, ते तर दिसतही नाहीत. बोटीवरचं ऊन वेगळंच. पूर्ण बाह्यांचा सूट असला की सनस्क्रीन फक्त चेहऱ्याला आणि हातांच्या पंजांना लावावं लागतं. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून बंदी आणली, ती प्रवाळांना होणाऱ्या अपायामुळेच. एक मात्र आधीच सांगते. अंगावर सूट आहे म्हणून प्रवाळावर गुडघा टेकायचा नाही. सूट तुमचं रक्षण करतो, प्रवाळाचं नाही.

सूट ऊब कशी धरतो

पुष्कळांना वाटतं की सूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि ते पाणीच आपल्याला गरम ठेवतं. पण खरी ऊब निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या फेसासारख्या रबरात, कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांत असते. बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ओळखलं. कापडातच वायू कोंडलेला असेल तर माणूस कोरडा राहिला नाही तरी चालतं, या विचारातून वेटसूट आला. आतलं पाणी नुसतं जागच्या जागी राहिलं पाहिजे, म्हणजे ते एकदाच तापवावं लागतं. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर तापलेलं पाणी बाहेर जातं, नवीन गार पाणी आत येतं आणि शरीर पुन्हा पुन्हा पाणीच तापवत बसतं. मापाचा माझा आग्रह इथून येतो.

बुडबुड्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. बुडबुडे दबतात, निओप्रीन पातळ होतं, त्याची ऊबही कमी होते आणि तरंगण्याची ताकदही. किनाऱ्यावर 3 मिमी असलेला सूट खोल पाण्यात 3 मिमी राहत नाही. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सच्या 18 मीटरच्या मर्यादेतही हा फरक अंगाला कळतो.

जाडी किती

हा भाग लवकर आटपता येतो. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव या भागांत पाणी बहुतेक काळ 27 ते 30 अंशांच्या आसपास असतं. तिथे बहुतेकांना पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा 3 मिमी सूट योग्य. दिवसाला एकच डाइव्ह असेल, अंगात मुळात उष्णता असेल आणि खोल जायचं नसेल, तर 2 मिमी किंवा अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी चालतो. मालवण-तारकर्लीला डिसेंबर-जानेवारीत पाणी मे महिन्यापेक्षा गार असतं आणि बोटीवर वारं लागतं, तिथेही 3 मिमी फुल सूटच घाला. दिवसाला तीन-चार डाइव्ह करायच्या असतील, उदाहरणार्थ मालदीवला आठवडाभर बोटीवरच मुक्काम असेल, तर 3 मिमीच्या आत टोपीचं पातळ जाकीट घ्या. छाती आणि डोकं झाकलं की 5 मिमीची गरज सहसा पडत नाही.

"ट्रॉपिकल" हा शब्द वाचून मात्र फसू नका. बालीजवळच्या नुसा पेनिदाला लोक जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास मोला मासा बघायला जातात. त्याच दिवसांत तिथे खालून गार पाणी वर येतं आणि तापमान 20 अंशांच्या खालीही जाऊ शकतं. तिथे 5 मिमी आणि हूड लागतोच. इजिप्तच्या हुरघाडाला हिवाळ्यात पाणी 21-22 अंशांवर येतं. दुबईत राहणारी आपली पुष्कळ मंडळी सुट्टीच्या दिवशी फुजैराला डायव्हिंगला जातात. तिथे ऑगस्टमध्ये लायक्रासुद्धा नकोशी होते आणि जानेवारीत 5 मिमी लागतो. जायच्या महिन्यातलं पाणी किती अंशांचं असतं, हे तिथल्या डाइव्ह सेंटरला सरळ विचारा. शिवाय वर 29 अंश असताना खाली गार पाण्याचा थर, म्हणजे थर्मोक्लाइन, असतो का हेही विचारा. त्या थरात शिरताना कपाळावर कोणी बर्फ ठेवल्यासारखं वाटतं.

किडकिडीत माणसं लवकर गारठतात, आणि मुलं त्याहून लवकर, कारण त्यांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो. आई-वडील शॉर्टीत असले तरी 10-12 वर्षांच्या मुलाला मी पूर्ण 3 मिमीच देते.

माप: इथे वेळ द्या

बाबा मला सांगायचे, "आधी श्वास सोडूक सांग, मगे टेप लाव." माणूस माप देताना नकळत छाती फुगवतो आणि पोट आत घेतो. वेटसूटच्या बाबतीत तर हे फारच नडतं. घरी माप घेताना दुसऱ्या कोणाला तरी टेप धरायला सांगा. छाती सर्वात रुंद भागावर, कंबर बेंबीपाशी, नितंब सर्वात रुंद भागावर. उंची अनवाणी. वजनही लिहा, कारण बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ते असतं. या सगळ्यांत छातीचं माप पहिलं, उंची दुसरी.

आणि एक माप असं आहे जे कोणी घेत नाही: खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, मांड्यांमधून मागे आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. धडाची ही गोल लांबी कळली की अर्धा प्रश्न सुटतो. सूट धडात आखूड असेल तर खांदे खाली ओढले जातात आणि छाती नीट फुलत नाही. लांब असेल तर पाठीच्या खळग्यात पाण्याची थैली तयार होते. बाह्या आणि पाय थोडे लांब असले तर त्यावर उपाय आहे, धडावर नाही.

पुण्या-मुंबईत दुकानात जाऊन घेत असाल तर सकाळी, एसी दुकानात आणि अंग कोरडं असताना जा. घामेजलेल्या अंगावर बरोबर मापाचा सूटही चढत नाही, आणि मग माणूस वैतागून एक साइज मोठा उचलतो. आत तोच पोशाख हवा जो पाण्यात घालणार आहात. पायात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पाय सरकवा, पाऊल बाहेर आलं की पिशवी काढा. हातांनाही तसंच. नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवा. आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा, मग मांडी. जांघेत कापड पूर्ण वर आल्याशिवाय हात घालायचे नाहीत. निम्म्या लोकांना सूट लहान वाटतो तो केवळ जांघेत दोन बोटं खाली राहिल्यामुळे.

झिप लावून झाली की आरशात बघायच्या आधी या गोष्टी करा. पूर्ण श्वास घ्या आणि सोडा. तीन-चार वेळा खोल श्वास घेताना छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटलं, तर तो सूट नको. उकिडवं बसा. गुडघ्यामागे कापड गोळा होईल, ते चालतं, पण खांदे खाली ओढले गेले तर धड आखूड आहे. दोन्ही हात वर करा, मग मान मागे घेऊन उजवा हात डोक्यामागे न्या, जणू टाकीच्या व्हॉल्व्हला हात लावताय. वाकून पायाच्या टाचेपर्यंत हात न्या, कारण फिनचा पट्टा तुम्हालाच ओढायचा आहे. मग सोबतच्या माणसाला पाठीच्या खळग्यात चिमूट घेऊन बघायला सांगा. मूठभर कापड हातात आलं तर तिथे पाणी साठणार. काखेतही तेच बघा. मनगटाला आणि घोट्याला कड चिकटून बसलेली हवी, पण बोटं निळसर पडता कामा नयेत.

गळ्याकडे खास लक्ष द्या. कॉलरमध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर सतत दाब आला तर नाडी मंदावते, गरगरतं, क्वचित माणूस बेशुद्धही पडू शकतो. पाण्याखाली हे परवडणारं नाही. नवीन डायव्हरला पाण्यात अचानक घाबरल्यासारखं होतं तेव्हा मी आधी त्याची कॉलर तपासते. पुष्कळदा भीतीचं मूळ तिथेच सापडतं. उष्ण पाण्यात गळ्यातून थोडं पाणी शिरलं तरी बिघडत नाही, श्वास मोकळा हवा.

कोरड्या दुकानात सूट अंगाला घट्टच वाटायला हवा. पाण्यात तो थोडा सैलावतो. दुकानातच आरामशीर वाटणारा सूट पाण्यात ढगळ होणार, हे नक्की समजा. दहा-पंधरा मिनिटं घालून राहा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान शोधा.

आता आपल्या अंगकाठीबद्दल. बाजारातले बहुतेक सूट युरोप-अमेरिकेतल्या मापांवर कापलेले असतात: रुंद खांदे, बारीक कंबर, लांब पाय. आपल्याकडच्या चाळिशीतल्या पुरुषाचं पोट थोडं पुढे आणि पाय आखूड असले की एका साइजमध्ये पोट बसत नाही आणि पुढच्या साइजमध्ये पाय लोंबतात. अशा वेळी छाती आणि पोट ज्यात नीट बसतं तो घ्या, मात्र पाठीत पोकळी नाही ना हे तपासा. घोट्याशी जास्तीचं कापड सरळ कापता येतं. निओप्रीन रबरच असल्याने त्याची कड उसवत नाही, फक्त कापलेल्या जागी शिवणीचा दोरा निओप्रीनच्या गोंदाने बंद करावा लागतो. काही कंपन्या उंचीप्रमाणे आखूड आणि लांब असे वेगळे साइजही देतात, ते आधी शोधा. वर एक साइज आणि खाली दुसरा बसत असेल तर जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा सूट उत्तम. थोडं पाणी जास्त शिरेल, पण 29 अंशांत ते चालून जातं.

बायकांनी बायकांच्याच कटचा सूट घ्यावा, यात तडजोड नको. पुरुषी कटचा सूट नितंबांवर आवळतो, कंबरेत फुगतो आणि छातीवर सपाट दाबतो. भाड्याने घेतानाही "लेडीज कट आहे का" हे न संकोचता विचारा.

आत काय घालायचं

पुष्कळ मैत्रिणी हे विचारायला लाजतात, म्हणून स्पष्टच लिहिते. आत स्विमसूट, किंवा स्पोर्ट्‌स ब्रा आणि सायकलिंग शॉर्ट्‌स. कॉटनचा टी-शर्ट, लेगिंग्ज किंवा सलवार नको. सुती कापडाच्या आत घड्या पडतात, त्या अंगाला घासतात आणि घड्यांतून पाणी खेळत राहतं. घट्ट सूटमध्ये बोटीवर अवघडल्यासारखं होत असेल तर वरून सैल शॉर्ट्‌स आणि टी-शर्ट घाला आणि उतरायच्या वेळी काढा. यात कोणालाही काही वाटत नाही. लांब पायांच्या आणि पूर्ण बाह्यांच्या सूटमुळे ज्यांनी आयुष्यात कधी पोहण्याचा पोशाख घातला नव्हता अशा सोलापूरच्या, परभणीच्या काकूसुद्धा निर्धास्तपणे पाण्यात उतरलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या वर आल्यावरचे चेहरे पाहून माझा सगळा शीण जातो.

हॅवलॉकला हनिमूनला आलेल्या मुलींच्या हातात हिरवा चुडा असतो. काचेची बांगडी घट्ट बाहीखाली फुटली तर मनगट कापतं आणि सूटही. चुडा उतरवायचा नसेल तर त्या एका डाइव्हपुरता अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी मागा आणि इन्स्ट्रक्टरला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो मनगटाऐवजी दंडाला धरेल. मंगळसूत्र मात्र खोलीतच ठेवा. कॉलरखाली मणी रुततात आणि गळ्याशी दाब येतो.

लांब केस झिपमध्ये अडकतात, म्हणून झिप लावण्याआधी केस बांधा. मानेला व्हेल्क्रो घासत असेल तर आत लायक्राचा रॅश गार्ड घाला. त्या जागी व्हॅसलिन लावू नका, निओप्रीनसाठी ते चांगलं नाही. सूट घातल्यावर अंगभर लाल पुरळ येत असेल तर निओप्रीन बनवताना वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांची अ‍ॅलर्जी असू शकते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. निओप्रीनला पर्याय म्हणून नैसर्गिक रबराचे सूट मिळतात, पण त्यानेही त्रास होणार नाही ना हे डॉक्टरांनाच विचारून घ्या.

शिवण, अस्तर, झिप

शिंप्याची मुलगी म्हणून शिवणीकडे माझं आधी लक्ष जातं. सूट उलटा करून आतली शिवण बघा. उंच उठलेली ओव्हरलॉक शिवण अंगाला टोचते, ती टाळा. सपाट फ्लॅटलॉक शिवण अंगाला लागत नाही. तिच्या सुईच्या छिद्रांतून थोडं पाणी येतं, पण आपल्या समुद्रात तेवढं ठीक आहे. गोंदाने चिकटवून मग आरपार छिद्र न पाडता शिवलेला सूट जास्त ऊबदार आणि महाग असतो. 3 मिमीसाठी त्यावर खर्च करायलाच हवा असं नाही. ते पैसे चांगल्या लवचीक निओप्रीनवर घाला. काखेत आणि खांद्यांवर जास्त ताणणारं कापड असलं की दिवसाच्या शेवटी हात भरून येत नाहीत.

सर्फिंगचा किंवा ट्रायथलॉनचा सूट डायव्हिंगला घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळत असला तरी. ट्रायथलॉनच्या सूटची बाहेरची बाजू उघड्या गुळगुळीत रबराची असते, ती बीसीडीच्या, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरायच्या जाकिटाच्या, पट्ट्यांनी आणि खडकाने फाटते. शिवाय तो पोहताना तरंगावं म्हणून बनवलेला असतो. डायव्हिंगच्या सूटला दोन्ही बाजूंनी नायलॉनचं अस्तर हवं आणि गुडघ्यावर जाड तुकडा हवा.

मागची झिप सर्वात सोपी, लांब दोरीने स्वतःची स्वतः ओढता येते, आणि टाकीखाली ती सपाट बसते की नाही हे एकदा बीसीडी चढवून बघा. पुढची झिप खांदे दुखणाऱ्यांना आणि वय झालेल्यांना सोयीची, कारण काढ-घाल सहज होते. बोटीवर दोन डाइव्हच्या मध्ये सूट छातीपासून उघडता येतो, तेही बरं. रंगाबद्दल माझं मत विचाराल तर हातापायांवर एखादा उठावदार पट्टा असावा. मालवणच्या गढूळ पाण्यात काळा सूट दोन-तीन मीटरवर नाहीसा होतो.

भाड्याचा की स्वतःचा

पहिला कोर्स भाड्याच्या सूटवरच करा. आपलं माप आणि आपली थंडी या दोन्ही गोष्टी त्यात कळतात. दरवर्षी डायव्हिंगला जायचं नक्की झालं की आधी स्वतःचा मास्क, मग सूट. 3 मिमी सूट बॅगेत फार जड होत नाही, मात्र शेवटच्या दिवशी ओला भरलात तर त्याचं वजन दुपटीहून जास्त भरू शकतं आणि 15 किलोच्या मर्यादेत भांडण होतं. परतीच्या आदल्या दिवशी, विमानाआधी डाइव्ह न करता थांबायच्या काळात, तो वाळवून घ्या.

भाड्याचा सूट हातात आला की उन्हासमोर धरा. शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर दुसरा मागा. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खळगा भरून यायला वेळ लागत असेल तर बुडबुडे मेलेत, लेबलवर 3 लिहिलं असलं तरी ऊब 3 ची नाही. झिप दोनदा वरखाली करा. एका कंपनीचा एम बसला म्हणून दुसरीचा बसेलच असं नाही, त्यामुळे साइजबरोबर कंपनीचं नावही लॉगबुकात लिहा.

सूट बदलला की वजनं बदला

हे विसरलं जातं. निओप्रीन तरंगतं. शॉर्टीवरून फुल सूटवर गेलात, किंवा जुना सोडून नवा घेतलात, तर खाली जाण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात घालतो ते शिसं पुन्हा मोजायचं. उथळ पाण्यात बीसीडी रिकामी करून, साधा श्वास धरून, तळाला पाय न टेकता उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेलात की वजन जमलं. ही तपासणी भरलेल्या टाकीवर करत असाल तर त्यात सुमारे 2 किलो वाढवा, कारण 11 लिटरच्या टाकीतली हवा वापरली जाईल तसं साधारण तेवढं वजन कमी होतं, आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी शेवटी वर ओढायला लागते. 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप असतो तेव्हा दबलेला सूट पुन्हा फुगलेला असतो. वजन कमी पडलं तर नेमकं तिथेच माणूस वर सुटतो. 3 मिमीवर माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांचं 4 ते 6 किलोंत जमतं, पण हा आकडा उचलून वापरू नका, स्वतःचा मोजा.

बोटीवर सूट कमरेपर्यंतच घालून बसा. एप्रिलच्या उन्हात पूर्ण सूट चढवून अर्धा तास बसलेल्याला चक्कर येते, पाण्यात उतरायच्या आधीच. पाणी पीत राहा. पाण्याच्या दाबाने आणि गारव्याने लघवी लवकर लागते, आणि त्या भीतीने तहान मारणं घातक आहे. सूटमध्ये झालीच तर लाज वाटून घेऊ नका, वर आल्यावर सूट आतून-बाहेरून स्वच्छ धुवा, भाड्याचा असेल तरी.

धुणं आणि पावसाळा

रोज गोड्या पाण्यात, गरम नव्हे, आधी आतली बाजू मग बाहेरची. मोजकाच सौम्य शाम्पू चालतो, कपड्यांची पावडर आणि ब्लीच नाही. पिळायचा नाही, इस्त्री तर नाहीच. वाळत घालताना आधी उलटा, सावलीत, वाऱ्याला. थेट उन्हात रबर कडक होतं आणि चिरा पडतात. तारेच्या बारीक हँगरने खांद्यावर कायमची खूण पडते, म्हणून रुंद हँगर घ्या किंवा कमरेतून दुमडून जाड बांबूवर टाका.

कोकणात जून ते सप्टेंबर हे खरे परीक्षेचे महिने. सूट पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. बुरशी धरते आणि तो वास मग सुटत नाही. मोकळ्या खोलीत, वर दुसरं काही न रचता, टांगून ठेवा. गणपती झाले की एकदा बाहेर काढून वाऱ्यावर टाका आणि झिप वरखाली करून बघा. दात पांढरे पडून अडकत असतील तर कोमट पाण्यात भिजवून जुना टूथब्रश फिरवा, वाळल्यावर दातांवर मेणबत्ती घासा. कुठे शिवण सुटली असेल तर निओप्रीनच्या गोंदाचा पातळ हात दोन्ही कडांना लावा, गोंद चिकचिकीत होऊ द्या, मग कडा दाबून रात्रभर तशाच ठेवा.